बंद पडलेली चार्टर विमान कंपनी गेममध्ये आणायची आहे? सूचना अशी लिहा

विमानतळ चालवायच्या गेममध्ये धावपट्टी झाली, टर्मिनल उभं राहिलं, पैसे यायला लागले की बहुतेकांच्या मनात एकच विचार घोळायला लागतो: इथे अमुक कंपनीचं विमान उतरलं तर काय मजा येईल! गंमत म्हणजे ही 'अमुक कंपनी' बऱ्याचदा आज अस्तित्वातच नसते. मोनार्क, डॅन-एअर, कोर्ट लाइन, स्पँटॅक्स, स्टर्लिंग, वॉर्डएअर... सुट्टीवर निघालेल्या लोकांना उन्हाकडे नेणाऱ्या या चार्टर कंपन्या एकेक करून बुडाल्या, विकल्या गेल्या किंवा दुसऱ्या नावात विरघळल्या. त्यांचे चाहते मात्र अजून आहेत.

डेव्हलपरकडे अशा मागण्या ढिगाने येतात. त्यातल्या बहुतेक 'ही कंपनी फार भारी होती, प्लीज टाका' एवढ्यावर संपतात आणि तिथेच पडून राहतात. कारण सरळ आहे. गेम बनवणाऱ्याला कंपनीचा इतिहास नको असतो. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: ही कंपनी माझ्या विमानतळावर आली तर खेळाडूला काय वेगळं करावं लागेल? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर तुमची कंपनी म्हणजे आधीच असलेल्या विमानाला मारलेला नवा रंग. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाचं उत्तर तयार करण्यासाठी आहेत.

पायरी १: आधी गेम तपासा, कंपनी नंतर निवडा

नवखे लोक हे उलटं करतात. आधी कंपनीच्या प्रेमात पडतात आणि मग कळतं की तिचं मुख्य विमान गेममध्ये नाहीच. नवं विमान बनवणं हे मॉडेल, चाकं, दारं, ध्वनी, इंधनाच्या जोडणीची जागा असं लांबलचक काम असतं. असलेल्या विमानावर नवी लिव्हरी, म्हणजे कंपनीचे रंग आणि चिन्ह, चढवणं त्यामानाने किरकोळ. त्यामुळे गेममधल्या विमानांची यादी समोर ठेवा आणि त्यातली विमानं वापरणाऱ्या बंद कंपन्या शोधा. बोइंग ७५७ असेल तर मोनार्क, एअर २०००, ब्रिटनचीच एअर युरोप, कॅनडा ३००० असे अनेक पर्याय निघतात. बोइंग ७४७ असेल तर न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरची टॉवर एअर आहे. तुमचा जीव कॉन्व्हेअर ९९० वर जडला असेल तर जरा थांबा. जगात ही विमानं फक्त ३७ बनली. एवढ्या दुर्मिळ मॉडेलसाठी कुणी हात काळे करेल याची शक्यता कमी, स्पँटॅक्स कितीही देखणी असली तरी.

याच वेळी गेमची आणखी एक बाब पाहून घ्या: त्यात काळ आहे का? काही गेम सालानुसार पुढे सरकतात, काही कायम 'आज'मध्येच असतात. साल असेल तर कंपनीची सुरुवात आणि शेवट दोन्ही उपयोगी पडतात. साल नसेल तर १९७०च्या दशकातली विमानं आजच्या एअरबसशेजारी उभी राहतील, आणि ते तुम्हाला चालणार आहे का हे आधीच ठरवलेलं बरं.

पायरी २: नेमकी कोणती कंपनी, आणि ती खरंच बंद आहे का?

वाटतं तितकं हे सोपं नाही. विमान कंपन्यांची नावं मरत नाहीत. ती पुन्हा पुन्हा वापरली जातात.

एअर युरोपचंच पाहा. १९७९ मध्ये उड्डाणं सुरू करून मार्च १९९१ मध्ये बंद पडलेली ब्रिटिश एअर युरोप एक. त्याच नावाची इटालियन कंपनी दुसरी. आणि स्पेनची एअर युरोपा, जी १९८६ मध्ये त्याच ब्रिटिश उद्योगसमूहातून निघाली आणि आजही उडते आहे, ती तिसरी. नुसतं 'एअर युरोप टाका' लिहिलंत तर गोंधळाची हमी. डॅन-एअरचंही तसंच. १९५३ मध्ये सुरू झालेली आणि १९९२ मध्ये ब्रिटिश एअरवेजने नाममात्र एका पौंडाला घेतलेली डॅन-एअर वेगळी, आणि पुढे रोमानियात त्याच नावाने आलेली कंपनी वेगळी; दोघींचा काडीचा संबंध नाही. डेन्मार्कची स्टर्लिंग १९६२ मध्ये सुरू झाली, १९९३ मध्ये बुडाली, लगेच थोड्या वेगळ्या नावाने परत आली आणि २००८ मध्ये पुन्हा बुडाली. यातली कोणती स्टर्लिंग हवी, हे तुम्हीच सांगायचं.

म्हणून सूचनेत नावाबरोबर तीन गोष्टी हव्यातच: देश, मुख्य तळ आणि साल. 'मोनार्क, ब्रिटन, तळ ल्यूटन, १९६८ ते २०१७' एवढं लिहिलं की संशयाला जागा राहत नाही.

बुडालेली, दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली आणि फक्त नाव बदललेली, हा फरकही नोंदवा. एअर २००० कधी बुडाली नाही. २००४ मध्ये तिचं नाव फर्स्ट चॉइस एअरवेज झालं, एवढंच. गेममध्ये तिचा शेवट दाखवायचा असेल तर विमानं गायब होणार नाहीत, त्यांच्यावरचा रंग बदलेल.

पायरी ३: कंपनीचं वागणं शब्दांत मांडा

खरं काम इथे आहे, आणि तुमची सूचना टिकणार की नाही हेही इथेच ठरतं.

चार्टर म्हणजे सहलीसाठी अख्खी बस ठरवावी तसं अख्खं विमान ठरवणं. युरोपात अनेक दशकं हे काम टूर ऑपरेटर करत: विमान, हॉटेल, विमानतळावरून हॉटेलपर्यंतची बस असं एकत्र पॅकेज विकत. प्रवासी विमान कंपनीचा ग्राहक नसायचाच, तो टूर कंपनीचा ग्राहक असायचा. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय समुदायात हवाई वाहतुकीचे नियम मोकळे झाले आणि नियमित विमानसेवा व चार्टर यांच्यातली कायदेशीर भिंत जवळपास संपली. पण त्याआधीच्या कंपन्यांचं सगळं गणित या भिंतीवर उभं होतं. आता हे गणित विमानतळाच्या अंगणात कसं दिसतं ते बघा.

पहिली गोष्ट हंगाम. उन्हाळ्यात विमान दिवसरात्र पळतं, हिवाळ्यात रिकामं बसतं किंवा भाड्याने दुसऱ्या खंडात जातं. एअर २००० आणि कॅनडा ३००० यांची ७५७ विमानं हंगामाप्रमाणे एकमेकींकडे जात, कारण कॅनेडियन लोकांना ऊन हवं असतं ते हिवाळ्यात आणि ब्रिटिशांची गर्दी उन्हाळ्यात. गेममध्ये याचा अर्थ असा: सहा महिने तुमचे स्टँड (विमानं उभी करायच्या जागा) तुडुंब आणि उरलेले सहा महिने ओस. खेळाडूने त्या गर्दीसाठी बांधलेलं टर्मिनल हिवाळ्यात कसं पोसायचं, हा खराखुरा पेच आहे.

दुसरी गोष्ट रात्र. पॅकेज स्वस्त ठेवायचं तर विमान जमिनीवर उभं राहून चालत नाही. त्यामुळे पहाटे निघून सकाळी परत, लगेच दुपारची फेरी, आणि मग रात्री अकराला निघणारी तिसरी. गेममध्ये आवाजाची तक्रार किंवा रात्रीची बंदी असेल तर चार्टर कंपनी तिथे सरळ जाऊन धडकते. जुनी, जास्त आवाज करणारी जेट विमानं युरोपीय संघात १ एप्रिल २००२ नंतर चालेनाशी झाली. पण तुमचा गेम १९७४ मध्ये असेल तर शेजाऱ्यांच्या शिव्या खेळाडूलाच खायच्या आहेत.

तिसरी गोष्ट, जी फार कमी लोक सूचनेत लिहितात: डब्ल्यू आकाराची फेरी. विमान आपल्या तळावरून सुट्टीच्या ठिकाणी जातं, तिथून मायदेशातल्या दुसऱ्याच शहरात, पुन्हा सुट्टीच्या ठिकाणी आणि मग घरी. नकाशावर काढलं तर डब्ल्यू अक्षर दिसतं. खेळाडूच्या दृष्टीने यात मेख अशी की सकाळी दुसऱ्या शहरात झालेला उशीर दुपारी त्याच्या विमानतळावर येऊन आदळतो, आणि राखीव विमान बहुधा नसतंच. एका उड्डाणाला दोन तास उशीर झाला की त्या दिवसाचा सगळा पट कोलमडतो.

आणि मग प्रवासी. नियमित सेवेचे प्रवासी थोडे थोडे करत येतात. चार्टरचे प्रवासी, विशेषतः सुट्टीच्या ठिकाणी, बसच्या बस भरून एकदमच उतरतात. चेक-इनला एकच रांग, प्रत्येकाकडे मोठी बॅग, सोबत पोरंबाळं. बिझनेस क्लास नाही, लाउंज नको, पुढचं विमान पकडणाराही कुणी नाही. पण हातात वेळ आहे आणि मूड सुट्टीचा आहे, म्हणून दुकानांत खर्च करणार. विमान कंपनी स्वतः मात्र पै पै वाचवणारी: एअरोब्रिजऐवजी लांबचा स्टँड, शिडी आणि चालत जाणं. म्हणजे विमानतळ-शुल्क कमी, पण दुकानांची विक्री जास्त. असा ग्राहक गेममध्ये आधी नसेल तर डेव्हलपरचे कान नक्की टवकारतील.

प्रत्येक चार्टर कंपनी अशीच होती असं समजू नका. कॅनडाची वॉर्डएअर चार्टरच होती, पण जेवण चांगल्या चिनी मातीच्या प्लेट्समध्ये वाढायची आणि विमानांना उत्तरेकडच्या दुर्गम भागात उडणाऱ्या जुन्या वैमानिकांची नावं द्यायची. तिच्यासाठी सूचना लिहिणार असाल तर केटरिंगचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढवून मागा, कमी करून नव्हे.

पायरी ४: एक अस्सल खोडी शोधा

वरचं वागणं साधारण सगळ्याच चार्टर कंपन्यांना लागू होतं. आता तुमच्या कंपनीची स्वतःची एक खोडी हवी. एकच पुरते.

कोर्ट लाइनचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. ल्यूटनची ही कंपनी १९७० पासून या नावाने उडत होती. तिच्या बीएसी वन-इलेव्हन या छोट्या जेट विमानांत पुढच्या आसनाच्या पाठीत दोन खण असत. एका खणात जातानाचं थंड जेवण आणि दुसऱ्या, कुलूप लावलेल्या खणात परतीच्या प्रवाशाचं. दोन्ही ल्यूटनलाच भरलेलं. स्वयंपाकघराची जागा वाचली, तिथे आणखी आसनं बसली आणि वन-इलेव्हनमध्ये ११९ माणसं मावली. कुलूप कशाला, तर जाणाऱ्या पोटाने परत येणाऱ्याचा घास खाऊ नये म्हणून!

आता हे गेमच्या भाषेत आणा: सुट्टीच्या ठिकाणच्या विमानतळावर या विमानाला केटरिंगची गाडी लागतच नाही. त्यात वन-इलेव्हनच्या शेपटीखाली स्वतःची शिडी आहे आणि जमिनीवर वीज पुरवणारं छोटं इंजिनही आहे, म्हणजे शिडीगाडी आणि वीजगाडी यांचीही गरज कमी. टर्नअराउंडची, म्हणजे उतरलेलं विमान पुन्हा निघेपर्यंतची, तीन कामं एका झटक्यात उडाली. ज्याचा विमानतळ छोटा आहे आणि गाड्या कमी आहेत अशा नव्या खेळाडूला ही कंपनी वरदान वाटेल. मोठा विमानतळ चालवणाऱ्याला मात्र तिच्याकडून सेवांचे पैसे जवळपास मिळणारच नाहीत. एवढा एक परिच्छेद रंगीत फोटोंच्या थप्पीपेक्षा जास्त काम करतो.

पायरी ५: स्टँडचं माप चुकवू नका

विमानं लिहिताना फक्त नाव देऊ नका. पंखांचा पसारा आणि आसनं द्या. बहुतेक गेममध्ये स्टँडचा आकार खऱ्या जगातल्या कोड-पद्धतीवर बेतलेला असतो: पंख २४ मीटर ते ३६ मीटरच्या आत असतील तर कोड सी, ३६ ते ५२ च्या आत डी, ५२ ते ६५ च्या आत ई.

चार्टरच्या बाबतीत इथे हमखास घसरायला होतं ते ७५७ वर. विमान एकाच मार्गिकेचं, म्हणून लोक डोळे मिटून कोड सी लिहितात. पंख ३८ मीटरचे आहेत, म्हणजे कोड डी. विमानात प्रवासी २३० च्या आसपास, स्टँड मात्र रुंद विमानाचा. छोट्या विमानतळाला नेमकी हीच पंचाईत करून ठेवणारं विमान चार्टर कंपन्यांना सगळ्यात लाडकं होतं. कॉन्व्हेअर ९९० तर जेमतेम अर्ध्या मीटरच्या फरकाने सी मधून डी मध्ये जातं. उलट बीएसी वन-इलेव्हन ५०० चे पंख २८.५ मीटर, कुठेही मावेल. कोर्ट लाइनने १९७३ मध्ये युरोपातली पहिली लॉकहीड ट्रायस्टार आणली, तिचे पंख ४७ मीटर आणि आसनं ४००. एकाच कंपनीकडे ११९ आणि ४०० आसनांची विमानं, मधलं काहीच नाही. खेळाडूने करार केला तेव्हा छोटे स्टँड पुरत होते, आणि तीन वर्षांनी कंपनी ट्रायस्टार घेऊन दारात उभी. यात गेमला फुकटात एक वळण मिळतं.

पायरी ६: माहिती आणि रंग

चार्टर कंपनीचं वेळापत्रक शोधत बसू नका. जागा थेट लोकांना विकायच्याच नसल्याने बऱ्याच कंपन्यांनी ते छापलंच नाही. उड्डाणांचे दिवस आणि ठिकाणं सापडतात ती टूर कंपन्यांच्या जुन्या माहितीपुस्तिकांत, कारण 'शनिवारी रात्री निघणार' हे त्यांना ग्राहकाला सांगावंच लागायचं. कोणतं विमान कधी कुणाच्या नावावर होतं हे विमान नोंदणीच्या सरकारी नोंदींत मिळतं. जुन्या विमान-मासिकांत कंपन्यांचे वार्षिक तक्ते असत, त्यात ताफा मिळतो. दोन वेगळ्या ठिकाणी जुळलेली माहितीच लिहा. जिथे जुळत नाही तो आकडा सरळ गाळून टाका. सूचनेत एक चुकीचा आकडा सापडला की बाकीच्या दहा खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

रंगाची गोष्ट वेगळीच. कोर्ट लाइनची विमानं गुलाबी, नारिंगी, फिरोजी, जांभळी अशी होती आणि एकेका विमानावर एकाच रंगाच्या छटा उतरत जायच्या. त्यांचे जुने फोटो उघडा: एकाच विमानाचे चार फोटो आणि चार वेगळ्या नारिंगी. काही जुन्या रंगीत फिल्म वर्षं गेली की तांबूस-किरमिजी होत जातात, तर कोडाक्रोम अंधारात ठेवली असेल तर बरीच टिकते. म्हणून फोटोवर बोट ठेवून रंगाचा कोड उचलायचा नाही. आधी त्या फोटोतलं काहीतरी नक्की पांढरं किंवा राखाडी आहे ते शोधा: विमानाचं पोट, धावपट्टीचं काँक्रीट, कर्मचाऱ्याचा शर्ट. ते पांढरं पांढरं दिसेपर्यंत फोटो दुरुस्त करा आणि मग लिव्हरीचा रंग घ्या. तीन फोटोंवरून तीन नमुने काढा आणि मधला ठेवा. ढगाळ दिवशीचा फोटो मिळाला तर उत्तम, कारण संध्याकाळच्या उन्हात कुठलंही विमान नारिंगीच दिसतं.

फोटो जोडताना तो कुणाचा आहे आणि वापरायची परवानगी आहे का हे बघा. परवानगी नसेल तर फोटोऐवजी स्वतः काढलेलं साधं बाजूचं चित्र द्या. डेव्हलपरलाही ते जास्त सोयीचं पडतं.

पायरी ७: नाव, लोगो, कोड

कंपनी मेली म्हणून तिचं नाव बेवारस होत नाही. ब्रिटनची थॉमस कुक सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळली आणि दोनच महिन्यांत तिचं नाव चीनच्या फोसुनने विकत घेतलं. ब्रँड कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि छोटा गेम-स्टुडिओ त्या भानगडीत पडायला तयार नसतो. बरेच गेम म्हणूनच काल्पनिक कंपन्याच वापरतात आणि खऱ्या कंपन्या मॉडवर, म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या भरीवर, सोडून देतात.

यावर सोपा उपाय: सूचनेतच एक काल्पनिक जुळी कंपनी देऊन टाका. नाव वेगळं, लोगो वेगळा, वागणं तेच. रंगांच्या छटांची चार्टर कंपनी, जेवण आसनाच्या पाठीत, छोटी आणि अवाढव्य अशी दोनच विमानं. हे सगळं 'कोर्ट लाइन' हे नाव न घेताही गेममध्ये येऊ शकतं, आणि जाणकाराला कळायचं ते कळतंच.

कोडचंही तसंच. विमान कंपन्यांचे दोन अक्षरी कोड पुन्हा वाटले जातात: मोनार्कचा झेड-बी पुढे एअर अल्बानियाला मिळाला. गेममध्ये दोन्ही आल्या तर टक्कर होणार. तीन अक्षरी कोड तर १९८०च्या दशकात रुळले. त्याआधी बुडालेल्या कंपनीला तो कधी मिळालाच नाही. तिथे गेममध्ये न वापरलेला कोड सुचवा आणि तो काल्पनिक आहे असं स्पष्ट लिहा. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर घ्यायचं नाव, मात्र जरूर शोधा, त्यात कधी कधी मजा सापडते. टॉवर एअरची विमानं रेडिओवर 'टी एअर' म्हणून बोलत. कंट्रोल टॉवरशी बोलताना स्वतःला 'टॉवर' म्हणवून घेतलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा. कंट्रोल टॉवरमधून बोलून विमानांना आदेश द्यायच्या गेमसाठी सूचना लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

पायरी ८: शेवट लिहा

बंद पडलेली कंपनी सुचवण्याचा खरा फायदा हा, आणि नेमका तोच बहुतेक जण विसरतात: तिचा शेवट आपल्याला माहीत आहे. कोर्ट लाइन १५ ऑगस्ट १९७४ ला, ऐन हंगामात कोसळली. मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे. मोनार्कचे सुमारे ८५,००० प्रवासी ब्रिटिश विमान प्राधिकरणाने भाड्याची विमानं लावून परत आणले.

विमानतळाच्या बाजूने बघा: सकाळी चेक-इनचे काउंटर बंद, रांगेत शेकडो माणसं, थकलेलं शुल्क वसूल होईपर्यंत अडवून ठेवलेली दोन विमानं स्टँड अडवून उभी, आणि दुपारपासून कधी न आलेल्या कंपन्यांची रिकामी विमानं अडकलेल्यांना न्यायला उतरताहेत. यासाठी नवं मॉडेल लागत नाही, फक्त एक घटना लागते. ती तीन-चार वाक्यांत लिहा आणि खेळाडूला आधी कोणत्या खुणा दिसतील तेही सांगा: बिलं उशिरा चुकती होणं, इंधन उधारीवर मागणं, फेऱ्या कमी होणं.

एक पथ्य पाळा. यातल्या काही कंपन्यांचे मोठे अपघात झाले आहेत. ते सूचनेत रंगवू नका, घटना म्हणून तर अजिबात नको. आप्त गमावलेली माणसं आजही आहेत.

पायरी ९: आता लिहा

एका सूचनेत एकच कंपनी. आधी कुणी तीच सुचवली आहे का बघा. असेल तर नवी न टाकता त्यातच भर घाला. पहिल्या दोन ओळींत वेगळेपण, मग माहिती, फोटो आणि चित्रं शेवटी. नमुना असा:

'कोर्ट लाइन, ब्रिटन, तळ ल्यूटन, १९७० ते १५ ऑगस्ट १९७४. हंगामी पॅकेज चार्टर. ही कंपनी सुट्टीच्या विमानतळावर केटरिंग घेत नाही आणि स्वतःची शिडी आणते, त्यामुळे टर्नअराउंड झटपट, पण सेवांचं उत्पन्न कमी. विमानं: बीएसी वन-इलेव्हन ५००, ११९ आसनं, कोड सी, १९७३ पासून ट्रायस्टार, ४०० आसनं, कोड डी. उड्डाणं मुख्यतः उन्हाळ्यात, रात्रीच्या फेऱ्यांसह. प्रवासी गटाने येतात, सगळ्यांकडे सामान, लाउंज नको, दुकानांत खर्च जास्त. वन-इलेव्हन गेममध्ये नसल्यास पहिल्या टप्प्यात त्याच आकाराचं मागच्या इंजिनांचं कोणतंही विमान चालेल. शेवट: ऑगस्टमध्ये अचानक दिवाळं, एक विमान स्टँडवर अडकून. नाव वापरता येत नसेल तर काल्पनिक पर्याय आणि लोगो सोबत जोडला आहे.'

एवढंच. कंपनीचा संस्थापक कोण, गणवेश कसा होता, तुमच्या मनात तिचं काय स्थान आहे, हे कुणी विचारलं तर सांगा. 'चालेल' म्हणून दिलेला तो पर्याय मात्र जरूर ठेवा. होकार द्यायला डेव्हलपरला छोटी वाट लागते.

पायरी १०: पाठवल्यानंतर

महिनोन् महिने उत्तर आलं नाही तर पुन्हा पुन्हा आठवण करून देऊ नका. नवी माहिती मिळाली तरच भर घाला. 'विचार करू' असं उत्तर आलं तर ते खरंच तेवढंच असतं.

गेममध्ये मॉडची सोय असेल तर वाट बघण्यापेक्षा स्वतः सुरू करा. आधी एकच विमान, एकच रंग. शक्यतो नारिंगी, कारण राखाडी स्टँडवर तो लांबूनही दिसतो आणि लिव्हरी कुठे ताणली गेली ते लगेच कळतं. मग कराराच्या फाइलमध्ये रात्रीची एक फेरी घाला, केटरिंग शून्य करा आणि गेममधला एक पूर्ण दिवस चालवून बघा. शून्य करूनही केटरिंगची गाडी विमानाकडे धावलीच, तर विमानागणिक सेवा बंद करायची सोय गेममध्ये नाही असं समजा, आणि तेवढी एकच मागणी कंपनीचं नावही न घेता वेगळी पाठवा. तिचा उपयोग बाकीच्या सगळ्या मॉड करणाऱ्यांनाही होतो, त्यामुळे ती आधी मान्य होण्याची शक्यता जास्त.